वॉक-इन ह्युमिडॉर: लाकूड नाही, हवा विकायला शिका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण घरातल्या वॉक-इन ह्युमिडॉरबद्दल बोललो. व्हिडिओत सगळे आकडे सांगायला वेळ पुरला नाही, म्हणून मापं, हिशोब आणि कोटेशनचा नमुना इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. सुतारकाम, इंटिरिअर, एसी रिपेअरिंग यांपैकी एखादं काम तुम्हाला येत असेल आणि नेहमीच्या वॉर्डरोब-किचनच्या स्पर्धेतून बाहेर पडायचं असेल, तर आजचा धडा तुमच्यासाठी आहे.

ह्युमिडॉर म्हणजे सिगार ठेवायची पेटी. सिगार हे तंबाखूचं पान गुंडाळून केलेलं असतं. हवा कोरडी झाली की ते पान तडकतं, ओली झाली की त्याला बुरशी धरते. म्हणून पेटीतली आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २१ अंशांच्या आसपास ठेवतात. ज्यांच्याकडे पेट्या मावत नाहीत ते एक छोटी खोलीच तशी करून घेतात. आत चालत जाता येतं, म्हणून वॉक-इन.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. तंबाखू तब्येतीला वाईटच, आणि मी कुणाला ओढा म्हणत नाही. असं काम घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. दुसरं, २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आहे. तुम्ही खोली विकताय, सिगार नाही. तेव्हा तुमच्या माहितीपत्रकात, पेजवर सिगारचे फोटो आणि ब्रँडची नावं टाकू नका.

एका कामाची गोष्ट

आपल्या बॅचमधला एक मुलगा. ठाण्याचा, हाताने अतिशय चांगला सुतार. नाव सांगत नाही. त्याला एका फ्लॅटमध्ये हे काम मिळालं. खोली ८ फूट बाय ६ फूट, उंची ८ फूट. त्याने परदेशी व्हिडिओ पाहिले, ते जसे करतात तसंच्या तसं केलं. बाहेरून जिप्सम बोर्ड, मध्ये ग्लासवूल, त्याच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा कागद, आणि सगळ्यात आत देखणं लाकूड. फेब्रुवारीत खोली ताब्यात दिली. काटा ६७ वर स्थिर. गिऱ्हाईक खूश. याने उत्साहात लेटरहेडवर लिहून दिलं, 'एक वर्षाची संपूर्ण हमी'.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. खोलीत कुबट वास. लाकडाची एक फळी काढून पाहिली तर मागचं ग्लासवूल पिळलं तर पाणी निघेल इतकं भिजलेलं, आणि जिप्समवर काळी बुरशी. हमी लिहून दिलेली, त्यामुळे सगळं स्वतःच्या खर्चाने उखडून पुन्हा करावं लागलं. त्या कामाचा नफा तर गेलाच, टेम्पोचे हप्तेही दोन महिने थकले.

मला त्याने विचारलं, "सर, लाकूड तर एक नंबर वापरलं होतं. चुकलं कुठं?"

चुकलं ते लाकडात नाही, हवेत चुकलं. तो लाकूड विकत होता, गिऱ्हाईक हवा विकत घेत होतं.

हवेतलं पाणी मोजायला शिका

हा भाग नीट वाचा. सगळा धंदा यावर उभा आहे.

हवा जितकी गरम, तितकं जास्त पाणी ती वाफेच्या रूपात धरू शकते. एक घनमीटर हवा जास्तीत जास्त किती ग्रॅम पाणी धरते, ते लिहून घ्या:

- २० अंशांना: सुमारे १७.३ ग्रॅम
- २५ अंशांना: सुमारे २३ ग्रॅम
- ३० अंशांना: सुमारे ३०.४ ग्रॅम
- ४० अंशांना: सुमारे ५१ ग्रॅम

आपल्याला खोलीत हवंय २० अंश आणि ६५ टक्के. म्हणजे १७.३ चे ६५ टक्के, सुमारे ११.२ ग्रॅम. हा तुमचा लक्ष्याचा आकडा. ११ ग्रॅम, डोक्यात पक्का बसवा.

आता जुलैतली मुंबई-ठाण्याची हवा धरा. ३० अंश, ८० टक्के. ३०.४ चे ८० टक्के म्हणजे सुमारे २४.३ ग्रॅम. आत ११, बाहेर २४. म्हणजे आत शिरणारी प्रत्येक घनमीटर हवा १३ ग्रॅम जादा पाणी घेऊन येते.

आपली ८ बाय ६ बाय ८ ची खोली ३८४ घनफूट, म्हणजे जवळपास ११ घनमीटर. दार एकदा उघडलं आणि निम्मी हवा बदलली, तर साधारण ७० ग्रॅम पाणी आत आलं. घरी पाहुणे आलेत, यजमान दहा वेळा दार उघडून खोली दाखवतायत. झालं, ७०० ग्रॅम! पाऊण लिटरच्या जवळ पाणी तुमच्या लाकडात आणि त्यांच्या मालात मुरायला आलं.

आता नागपूरचा मे घ्या. ४२ अंश, १५ टक्के. त्या हवेत घनमीटरला साडेआठ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. ती हवा नुसती २० अंशांपर्यंत थंड केली तर आर्द्रता येते सुमारे ४९ टक्के. म्हणजे तिथे पाणी घालावं लागेल.

आलं लक्षात? तीच खोली, तेच मशिन, पण ठाण्यात जुलैमध्ये पाणी काढायचंय आणि नागपुरात मेमध्ये घालायचंय. म्हणून गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न "लाकूड कुठलं हवं?" हा नाही. पहिला प्रश्न आहे, "घर कुठल्या गावात आहे आणि खोलीच्या चारी बाजूंना काय आहे?"

मग त्या मुलाचं नेमकं काय झालं?

फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम येतो ना? तेच झालं. ३० अंश, ८० टक्क्यांची हवा सुमारे २६ अंशांच्या खालच्या पृष्ठभागाला लागली की तिथे पाणी सुटतं. त्या २६ ला दवबिंदू म्हणतात. बेडरूममधली दमट हवा जिप्सम आणि ग्लासवूलमधून आरपार गेली आणि आतल्या २० अंशांच्या गार प्लास्टिकवर जाऊन अडकली. तिथे तिचं पाणी झालं. ते पाणी ग्लासवूल प्यायलं.

परदेशी व्हिडिओतला माणूस चुकीचा नव्हता. थंड देशात हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते, वाफ आतून बाहेर पळते, म्हणून तिथे प्लास्टिक आतल्या बाजूला लावतात. आपल्याकडे पावसाळ्यात वाफ बाहेरून आत घुसते, म्हणून अडवणारा थर उष्ण आणि दमट बाजूला, म्हणजे बाहेर हवा. फेब्रुवारीत हवा कोरडी होती म्हणून चूक दिसली नाही, एवढंच.

दुसऱ्याच्या गावचा व्हिडिओ बघा, शिका, पण हवा आपल्या गावची मोजा.

खोली कशी उभी करायची

१. जागा. इमारतीच्या बाहेरच्या, त्यातही पश्चिमेच्या भिंतीला चिकटून नको. बाथरूमची सामाईक भिंत नको. घराच्या मधली स्टोअररूम सगळ्यात बरी. बीम-कॉलमला हात लावायचा नाही. एसीचं बाहेरचं युनिट कुठे बसेल ते सोसायटीला आधीच विचारा.

२. कवच. आपल्या हवामानात माझा सल्ला सरळ आहे. कोल्डरूमला वापरतात ते पफ पॅनेल घ्या. दोन्ही बाजूंना पत्रा असल्याने वाफ कुठूनच जात नाही, मग पावसाळा असो की उन्हाळा. भिंती, छत आणि जमीन, सहाही बाजू. जमीन विसरतात लोक! सांधे सीलंटने बंद करा, पण सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, न्यूट्रल प्रकारचं मागा. वायर आणि पाइपची भोकंही भरा. मूळ भिंतीला ओल असेल तर ती आधी दुरुस्त करा. ओल झाकून काम करायचं नाही.

३. दार. चारी बाजूंना रबरी गॅस्केट आणि खाली झडप. आणि एक गोष्ट, हिच्यात तडजोड नाही: दार आतून, किल्लीशिवाय उघडलंच पाहिजे. ही हवाबंद खोली आहे. लहान मूल आत अडकलं तर कुणाला आवाजसुद्धा जाणार नाही.

४. लाकूड. यासाठी जगभर स्पॅनिश सीडर वापरतात. नावात सीडर असलं तरी ते देवदाराच्या जातीचं नाही. ते आपल्या कडुनिंबाच्या आणि महोगनीच्या कुळातलं, मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. पाइन किंवा देवदार वापरू नका, त्यांचा राळेचा वास मालाला लागतो. २०२० पासून या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे. व्यापाऱ्याकडे आयातीची कागदपत्रं मागा, पक्कं बिल घ्या. बजेट कमी असेल तर महोगनी चालते. आपल्याकडचं तून हे स्पॅनिश सीडरचं जवळचं नातेवाईक, पण आधी तुकडा बंद डब्यात आठवडाभर ठेवून वास तपासा.

लाकूड भट्टीत नीट वाळवलेलंच हवं, नाहीतर त्यातून चिकट डिंक पाझरतो. आत पॉलिश नाही, वॉर्निश नाही, रंग नाही. एमडीएफ आणि वासाचा डिंक तर नाहीच. पॅनेलला पट्ट्या मारून लाकूड बसवा, म्हणजे मागे हवा खेळेल. शेल्फ सलग फळीचे नकोत, पट्ट्यांचे हवेत, आणि भिंतीपासून इंचभर सुटे.

५. मशिनं. इथे एसीवाल्या भावांनी लक्ष द्या. एवढ्या छोट्या, इन्सुलेशन असलेल्या खोलीला मोठा एसी लावला की तो दोन मिनिटांत गार करून बंद पडतो. पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. वर पंखा चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी परत हवेत. म्हणून सगळ्यात कमी टनाचा इन्व्हर्टर, किंवा बजेट असेल तर वाइन सेलरसाठी बनवलेलं युनिट. आर्द्रतेचं काम एसीवर सोडू नका, त्याला वेगळी मशिनं द्या.

कॉम्प्रेसरवाल्या डिह्युमिडिफायरची ताकद २० अंशांच्या खोलीत घटते. तिथे डेसिकंट प्रकारचं मशिन बरं, पण ते उष्णता सोडतं, ती कूलिंगच्या हिशोबात धरा. पाण्याच्या नळीला उतार द्या. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी टाकलं तर क्षार साचतात, आणि फवारा मारणाऱ्या मशिनमुळे सगळीकडे पांढरी पूड बसते.

कंट्रोलर लावताना मधे अंतर ठेवा. ६३ च्या खाली गेलं तर ह्युमिडिफायर सुरू, ६९ च्या वर गेलं तर डिह्युमिडिफायर सुरू, मधल्या पट्ट्यात दोघंही गप्प. दोन्ही ६६ वर सेट केली तर एक पाणी घालतं, दुसरं काढतं, आणि वीजबिल भरतं तुमचं गिऱ्हाईक. हवा हळू फिरवायला कॉम्प्युटरचे एक-दोन छोटे पंखे पुरतात.

तापमान का पाळायचं? किड्यामुळे

स्वयंपाकघरात जुन्या हळदीत, मिरचीत बारीक तपकिरी किडा होतो ना? तोच किडा तंबाखूत होतो. साध्या भाषेत तंबाखूचा भुंगा. त्याची अंडी पानातच असू शकतात, आणि उष्णता वाढली की ती उबतात. म्हणून खोली २१-२२ च्या वर जाऊ द्यायची नाही. संशय आला तर माल पिशवीत बंद करून उणे १८ अंशांना तीन दिवस, मग एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, मग बाहेर. हे काम गिऱ्हाईकाचं, पण तुमच्या सूचनापत्रकात लिहून द्या. भुंगा निघाला की दोष खोलीवर येतो.

ताब्यात देण्याआधीची परीक्षा

आधी काटा तपासा. एका झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून दाट लगदा करा. पाणी वर तरंगता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ दाखवायला हवा. ७२ दाखवत असेल तर तो ३ ने कमी दाखवतो, तसं त्यावर लिहून ठेवा. दहा रुपयांच्या मिठाने लाखांचं काम वाचतं.

मग मशिनं चालू करा. कोरडं लाकूड पहिले एक-दोन आठवडे, कधी जास्तही, पाणी पीत राहतं. घाई म्हणून ओल्या फडक्याने पुसू नका, लाकूड वाकतं. आकडा स्थिर झाला की १५ दिवसांची नोंद सुरू. रोज सकाळ-संध्याकाळ तापमान आणि आर्द्रता. त्यात एक दिवस दहा वेळा दार उघडून पाहा, एक दिवस सहा तास वीज बंद ठेवून पाहा. आकडा किती हलला, परत यायला किती वेळ लागला, सगळं लिहा. हा कागद म्हणजे तुमचा माल. गिऱ्हाईकाची सही याच कागदावर घ्यायची.

कोटेशन कसं लिहायचं

त्या मुलाने फर्निचरसारखा चौरस फुटाचा दर लावला होता. ४८ चौरस फूट गुणिले दर, संपलं. मशिनं, टेस्टिंग, पावसाळ्यातली भेट, कशाचेच पैसे नाहीत. खालचे आकडे फक्त सरावासाठी आहेत, तुम्ही तुमच्या बाजाराचे भाव घाला:

- पॅनेल आणि दार: १,१०,०००
- लाकूड आणि शेल्फ: १,४०,०००
- कूलिंग, दोन्ही आर्द्रता मशिनं, कंट्रोलर: १,२०,०००
- वायरिंग: २०,०००
- मजुरी: ७०,०००
- बेरीज: ४,६०,०००
- टेस्टिंग आणि दोन भेटी: २५,०००
- अडीअडचण, बेरजेच्या १० टक्के: ४६,०००
- एकूण खर्च: ५,३१,०००
- नफा २० टक्के: १,०६,२००
- कोटेशन: ६,३७,२००, जीएसटी वेगळा

पैशांचे टप्पे: ४० टक्के ॲडव्हान्स, ३० टक्के पॅनेल उभं राहिल्यावर, २० टक्के मशिनं बसल्यावर, १० टक्के नोंदीच्या कागदावर सही झाल्यावर.

हमी लिहिताना 'संपूर्ण' हा शब्द पेनातून बाहेर येऊ द्यायचा नाही. काय लिहायचं? "दार बंद आणि वीजपुरवठा सुरू असताना खोली ६३ ते ६९ टक्के व १८ ते २१ अंश राखेल. सांधे व गॅस्केट एक वर्ष. मशिनांना कंपनीची हमी लागू. आतल्या मालाची जबाबदारी आमची नाही." बस. जे मोजता येतं तेवढ्याचंच वचन द्या.

काम कोरड्या महिन्यात दिलं असेल तर जुलैतली एक भेट कोटेशनमध्येच धरा. तिथून पुढे वर्षाचा मेंटेनन्स करार मागा. मेअखेरीस एक भेट, दिवाळीनंतर एक. गॅस्केट, पाण्याची नळी, फिल्टर, मिठाची परीक्षा. तुमचं खरं उत्पन्न पुढे इथूनच येतं.

ही कामं मिळणार किती?

खरं सांगतो, ह्युमिडॉरची कामं थोडीच असतात. वर्षाला एखादं मिळालं तरी नशीब. पण तुम्ही शिकताय ते ह्युमिडॉर नाही, ठरलेल्या हवेची खोली बांधायला शिकताय. कॅमेरे-लेन्स ठेवणाऱ्या स्टुडिओला बुरशीची भीती आहे. सतार-तानपुरा जपणाऱ्याला पावसाळ्याची काळजी आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं, अशी वाद्यं साधारण ४५ ते ५५ टक्क्यांत सुखी राहतात. जुनी कागदपत्रं, वाइन, बियाणं, प्रत्येकाचा आकडा वेगळा, पण मोजण्याची पद्धत हीच.

तो ठाण्याचा मुलगा आज काय करतो? दुसऱ्यांदा खोली केली तेव्हा पफ पॅनेल वापरलं, १५ दिवसांची नोंद केली आणि कागद गिऱ्हाईकाच्या हातात दिला. त्याच गिऱ्हाईकाने पुढे आपल्या फोटोग्राफर मित्राचं काम मिळवून दिलं. आता त्याच्या बॅगेत टेपच्या शेजारी हायग्रोमीटर असतो. साइटवर गेला की आधी तो बाहेर निघतो, टेप नंतर.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एक साधा डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि मिठाची परीक्षा करा.

२. सात दिवस घरातल्या कपाटात ठेवून सकाळ-संध्याकाळ तापमान आणि आर्द्रता लिहा.

३. वरच्या तक्त्यावरून रोज घनमीटरला किती ग्रॅम पाणी आहे ते काढा, आणि ११ शी तुलना करा. पाणी घालायचं की काढायचं, ते एका वाक्यात लिहा.

हे तिन्ही झाल्याशिवाय कुणालाही कोटेशन देऊ नका. झाल्यावर बिनधास्त द्या.

भेटू पुढच्या धड्यात. काम करत राहा, आणि मोजत राहा!